त्रेचाळीस शेरे

१

सकाळी साडेआठला बायको दवाखान्यात निघाली की घर माझं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवते. मी मागच्या खोलीत दार लोटून बसतो. नोकरीचं काम साडेदहाला सुरू होतं, त्याआधीचे दोन तास भाषेचे. भाषा म्हणजे बोलायची नव्हे, प्रोग्रामिंगची. ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा कोड कोणीही उघडून वाचावा आणि कोणीही दुरुस्ती पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पाठवणारे हजार आहेत, पण 'हो' म्हणणारे आम्ही नऊच. प्रत्येकाचा कोपरा ठरलेला. त्या कोपऱ्यातला पॅच त्या माणसाने मंजूर केल्याशिवाय आत जात नाही, मग पाठवणारा कोणी का असेना.

माझा कोपरा झाडूचा. प्रोग्राम चालताना मेमरीत वस्तू तयार होत जातात. ज्या वस्तूला आता कोणीच धरून ठेवलेलं नाही ती उचलायची आणि जागा मोकळी करायची, हे माझ्या झाडूचं काम. अकरा वर्षांपूर्वी मी तो एकट्याने लिहिला. तेव्हापासून सगळे मला झाडूदादा म्हणतात. हसण्यासारखं नाव आहे, पण मला आवडतं. कोणता कोपरा कोणाचा याची एक फाइल असते, त्यात झाडूच्या फोल्डरसमोर फक्त माझं नाव आहे. आयुष्यात दुसरं काहीच माझ्या एकट्याच्या नावावर नाही.

त्या मंगळवारी एक पॅच आला. पाठवणाऱ्याच्या खात्याचं नाव होतं 'उरलेला'. खातं त्याच दिवशी उघडलेलं, फोटो नाही, माहिती नाही. सतरा ओळी. वर लिहिलं होतं: 'झाडू कधीकधी वापरातली वस्तूसुद्धा नेतो. धरणाऱ्याने क्षणभर हात सोडून पुन्हा धरला, तर त्या मधल्या क्षणात ती जाते. कृपया लवकर बघा.'

मी हसलो. असे शहाणे दर आठवड्याला येतात. चार दिवस भाषा शिकायची आणि थेट झाडूला हात घालायचा! मग मी सतरा ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. चहा गार झाला तरी मी वाचतच होतो.

तो बरोबर होता. अकरा वर्षं तो बग माझ्या नाकाखाली बसला होता. मला दिसला नव्हता, आणि या कालच्या पोराला दिसला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. एखाद्या भल्या माणसाने 'धन्यवाद' लिहून पॅच घेतला असता. मी तसा असतो तर पुढचं काही घडलंच नसतं.

२

एखाद्याला पळवून लावायचं तर नाही म्हणायचं नसतं. शेरे मारायचे. हे नाव लांब आहे, ते नाव आखूड आहे, इथे टीप हवी, ही टीप कशाला. आमच्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. वीस शेऱ्यांत धडधाकट माणूस कंटाळून निघून जातो. मी त्रेचाळीस लिहिले.

शेरे लिहिले म्हणजे लगेच जात नाहीत. ते आपल्यापाशी कच्चे पडून राहतात. शेवटी 'पाठवा' दाबलं की समोरच्याला दिसतात, तोवर जगात कोणालाच नाही. मी गुरुवारी त्रेचाळीस लिहिले आणि दाबलं नाही. म्हटलं, झुरू दे जरा.

शुक्रवारी सकाळी उघडलं तर पॅचची नवी प्रत आलेली. मी जिथे 'नाव बदला' लिहिलं होतं तिथलं नाव बदललेलं. जिथे टीप मागितली होती तिथे टीप. मी एकेक ओळ बोट ठेवून मोजली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. शेवटचा शेरा तर मी निव्वळ चिडून टाकला होता, त्यात काही अर्थ नव्हता: 'ही मोकळी ओळ काढा.' मोकळी ओळ काढलेली होती.

आधी वाटलं, माझ्याच हातून 'पाठवा' दाबलं गेलं असेल. नव्हतं. शेरे तसेच पिवळ्या खुणेसकट कच्चे पडलेले. मग म्हटलं कोणीतरी माझं खातं फोडलंय. पासवर्ड बदलला, आधी कुठून कोण शिरलं होतं ती यादी तपासली. माझ्याशिवाय कोणी नाही. शेवटी मनाला समजावलं की मी सगळ्यांना हेच शेरे मारतो, माझे जुने वाचून कोणीही अंदाज बांधेल. ते बऱ्यापैकी पटलं. फक्त त्या मोकळ्या ओळीपाशी गाडी अडत होती.

मग दुपारी हेडबाईचा निरोप आला. हेडबाई म्हणजे जिने ही भाषा सुरू केली ती. कुठल्याशा कॉलेजात शिकवते, आणि उशिरा आलेल्याला बाकावर उभं करेल असा आवाज आहे. तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं: 'कोण आहे हा उरलेला? किती स्वच्छ लिहितो! झाडूदादा, याला हातचा जाऊ देऊ नकोस.'

'किती स्वच्छ लिहितो' हे तिने अकरा वर्षांपूर्वी माझ्याबद्दल लिहिलं होतं. शब्द न् शब्द तोच. सकाळपासून जी थोडी भीती वाटत होती ती तिथल्या तिथे गेली, आणि पोटात दुखायला लागलं. म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरोखर दुखायला लागलं.

"काय झालं?" बायकोने संध्याकाळी जेवताना विचारलं. "चेहरा का असा?"

"काही नाही. कामाचं आहे."

"कसलं काम?"

"तुला नाही कळायचं."

तिने मान हलवली, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि फोन बघत जेवत राहिली.

३

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमची मीटिंग असते, सकाळी अकराला. बायको शनिवारी घरी असते, म्हणून मी दार लावून, हेडफोन घालून बसलो. स्क्रीनवर माझी सोडून आठ चौकटींत चेहरे दिसत होते. नववी चौकट काळी होती, आणि खाली नाव होतं, उरलेला. हेडबाईनेच बोलावलं होतं त्याला.

"कॅमेरा लाव की रे," ती म्हणाली. "आम्हाला पण कळू दे कोण आहेस."

"नको. इथे उजेड नाही." आवाज घोगरा आणि इतका हळू होता की पलीकडे कोणीतरी झोपलंय असं वाटावं.

"अगं बाई!" हेडबाई म्हणाली. "हा तर सर्दी झालेला झाडूदादाच!"

सगळे हसले. मीही हसलो, दात दिसतील इतपत.

"झाडूदादा, त्याचा पॅच कुठवर आलाय? रिलीज तोंडावर आहे."

"बघतोय."

"बघतोय काय, घेऊन टाक की. बरोबर आहे ना तो?"

"बघतो म्हटलं ना," मी म्हणालो, आणि माझा माइक बंद केला.

विषय बदलला, दुसरंच कोणीतरी बोलायला लागलं. उरलेल्याने मात्र माइक बंद केला नव्हता. त्या बोलण्यामागून त्याच्या घरातले आवाज येत होते. फ्रिजची घरघर होती. थांबताना त्या फ्रिजने एक आचका दिला, आमचा देतो तसा. ठीक आहे, फ्रिज सगळीकडे तेच. मग चपलांच्या कपाटाचं झाकण दोनदा आपटलं, कारण पहिल्यांदा ते लागलं नाही. आमचंही पहिल्यांदा लागत नाही. मग पावलं आली, आणि दारावर टकटक झाली, दोनदा बोटाने आणि एकदा नखाने.

माझी बायको तशी वाजवते. मी हेडफोन एका कानावरून सरकवून दाराकडे बघितलं. घर शांत होतं. मी मनात आकडे मोजायला लागलो. तीनपर्यंत मोजून झालं असेल-नसेल, तोच माझ्या दारावर टकटक झाली. दोनदा बोटाने आणि एकदा नखाने.

"मी खाली जाऊन येते," तिने दार किलकिलं करून विचारलं. "तुला काही हवंय?"

"नको," मी म्हटलं.

नेटवरून आवाज पोचायला उशीर होतो. तो आधी कधीच पोचत नाही. का ते मी झोपेतसुद्धा सांगेन. ती गेली, बाहेरचं दार लागलं, आणि तेव्हा हेडफोनमध्ये त्याने एक लांब सुस्कारा टाकला. जाणाऱ्या माणसाकडे बघत राहून टाकतात तसा.

अंगावर काटा आला, नाही कशाला म्हणू? पण त्याच्याआधी डोक्यात तिडीक गेली. माझ्या बायकोच्या पावलांवर हा कोण सुस्कारे टाकणारा!

४

रविवारी ती बहिणीकडे गेली तेव्हा मी तो बग स्वतः चालवून पाहिला. लहानसा प्रोग्राम लिहिला: एक वस्तू, आणि तिला धरून ठेवणारा एकच. त्याने हात सोडला आणि लगेच पुन्हा धरला. लाखात एखाद्या वेळी, नेमक्या त्या फटीत, झाडू येऊन वस्तू घेऊन जायचा.

वाईट ते पुढे होतं. झाडूने मोकळी केलेली जागा रिकामी राहत नव्हती. तिथे लगेच दुसरी, नवी वस्तू तयार होऊन बसायची. पत्ता तोच. धरणारा पुन्हा हात पुढे करायचा तेव्हा त्याच्या हाती ती नवी लागायची, आणि त्याला काहीच कळायचं नाही. प्रोग्राम पडत नव्हता, तक्रार करत नव्हता, सुखाने पुढे चालत होता. म्हणून तर अकरा वर्षं कोणी बोंब मारली नव्हती.

मी हे बघत बसलेलो असताना उरलेल्याचं खासगी पत्र आलं. 'नाव तुमचं घाला,' त्याने लिहिलं होतं. 'मला नाव नको. हे तुम्हीच शोधलं असं सांगा, मी कुठेही बोलणार नाही. फक्त रिलीजच्या आधी आत घ्या. हात जोडतो. नंतर उपयोग नाही.'

माझं नाव, आणि ते मला हा भीक घालणार? माझ्या झाडूत, माझ्या कोपऱ्यात? शिवाय मनात एक हिशोब होताच, तोही सांगून टाकतो. पॅच नाकारायचा, महिनाभर थांबायचं, मग तोच बग मी शोधल्यासारखा करून पुढच्या रिलीजला दुरुस्त करायचा. लोक विसरतात. हेडबाई पुन्हा म्हणेल, किती स्वच्छ लिहितो.

मी पॅच बंद केला. खाली एक ओळ लिहिली: 'गरज वाटत नाही.' हेडबाईला कळवलं की पोरगा हुशार आहे पण घाई करतो, झाडूचं मी बघून घेईन. तिने बरं म्हटलं. झाडूच्या बाबतीत माझ्यापुढे कोणी बोलत नाही.

उरलेल्याचं उत्तर आलं नाही. मी आठवडाभर वाट बघितली. त्याने चिडावं, सगळ्यांसमोर भांडावं असं मला वाटत होतं. तो गप्पच राहिला, आणि त्याचाही मला रागच आला.

५

रिलीज बुधवारी झालं, पॅचशिवाय. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी बायको बाहेरच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होती आणि मी मागे बसलो होतो. कुरियरवाल्याचा फोन आला, लिफ्ट बंद आहे, खाली या.

"मी खाली जाऊन येतो," चपला घालता घालता मी म्हटलं.

तिने मान वर केली. "हं?" म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसलं की आपण बघतो, तसं. एखादा क्षणच. मग तिकडून बहीण काहीतरी बोलली आणि ती हसून फोनकडे वळली.

खाली कुरियरवाला गाडी चालू करून निघालाच होता.

"पाकीट?" मी म्हटलं.

"आत्ताच तर दिलं तुम्हाला, साहेब."

"मला कुठे? बायकोला दिलंत का?"

"बाई नव्हत्या हो. तुम्हीच आलात. ही बघा सही." त्याने फोन पुढे केला. सही माझी होती, शेवटच्या अक्षराला मी देतो त्या फाट्यासकट. "विसरलात होय?" तो हसला आणि गेला.

मी चार मजले चढून वर आलो. जिन्यात मी कारणं शोधत होतो आणि ती सापडतही होती: जुनी सही असेल, माणूस चुकला असेल. किल्लीने दार उघडलं. चपला काढायला कपाट उघडलं तर माझ्या कप्प्यात माझ्या चपला होत्या. डाव्या टाचेला झिजलेल्या. मी खाली बघितलं. पायातही त्याच होत्या.

मागच्या खोलीतून टायपिंगचा आवाज येत होता. मी अंगठ्याने स्पेस जोरात मारतो, त्यावरून बायकोने मला कितीदा टोकलंय. तो आवाज ओळखायला मला दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

बायको फोन ठेवून स्वयंपाकघराकडे निघाली. माझ्या अगदी जवळून.

"अगं," मी म्हटलं.

तिची नजर माझ्यावरून कपाटावर गेली आणि कपाटावरून भिंतीवर. मी मोठ्याने हाक मारली. घसा बसेपर्यंत मारली. तिने एकदा कान टवकारले, कपाळाला आठी घातली, आणि जाऊन घरघरणाऱ्या फ्रिजवर थाप मारली.

६

मी चपलांच्या कपाटाशेजारी खाली बसलो. फोनवरून माझ्या खात्यात शिरायला गेलो, पासवर्ड चालेना. हेडबाईला फोन लावला तर म्हणाली, कोण बोलतंय, आवाज येत नाहीये, आणि ठेवून दिला. डोकं मात्र चालू होतं. झाडू दुरुस्त व्हायलाच हवा होता. आणि झाडूच्या फोल्डरमध्ये 'हो' म्हणू शकणारा जगात एकच माणूस होता. तो तिथे आत बसला होता.

मी नवीन खातं उघडलं. नावाच्या रकान्यात काय लिहिलं ते सांगायला नको. सतरा ओळी मला पाठ होत्या, त्या अंगठ्याने फोनवर लिहून काढल्या, वर तेच 'कृपया लवकर बघा'. पाठवल्या.

आतलं टायपिंग थांबलं.

मग बायको आली, तिने दार वाजवलं आणि आत गेली. दार उघडंच राहिलं, हातभर. त्या फटीतून मला माझी खुर्ची दिसली, खुर्चीच्या हातावर माझ्या निळ्या स्वेटरचं कोपर, आणि अर्धा कान. त्याने तोंड वळवलं नाही. वळवलं नाही ते बरंच झालं.

"काय रे, असा का बसलायस?" तिने विचारलं.

तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. पण तो तसं म्हणाला नाही.

"कोणीतरी नवीन आलाय," तो म्हणाला. "माझ्या झाडूत चूक काढलीये. अकरा वर्षं कोणाला दिसली नाही अशी."

"बघू. दाखव."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. तो तिला समजावून सांगायला लागला. वस्तू म्हणजे काय, धरणं म्हणजे काय, मधली फट कुठे आहे. ती प्रश्न विचारत होती, आणि चांगले विचारत होती. आमच्या नऊ जणांतल्या अर्ध्यांना सुचले नसते असे. मध्येच ती हसली. अकरा वर्षांत मी तिला त्या स्टुलावर एकदाही बसवलं नव्हतं. आणि हा कालचा, पहिल्याच दिवशी! मला वाटलं होतं मी भीतीने गोठून जाईन. पण मी जळत होतो, नखशिखांत जळत होतो. कोण तो, आणि त्याला हे सुचलं कसं, आणि मला का नाही?

"मग त्याचं बरोबर आहे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. हे म्हणायला त्याला वेळ लागला.

"मग घे की. बिचारा 'कृपया लवकर बघा' म्हणतोय."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आखडलेल्या जागी अंगठा दाबून ती हळूहळू फिरवत होती, दिवसभर परक्यांचे खांदे दाबून घरी आलेल्या तिच्याकडे मी कधी मागितलं नव्हतं तसं. मी दाराच्या चौकटीला कपाळ टेकलं आणि मनात म्हणत राहिलो, ऐक तिचं. बाबा रे, या एका वेळी तिचं ऐक.

"एवढं काही अडलेलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आणि तुला नाही कळायचं त्यातलं."

तिने हात काढून घेतला.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला.